धर्माबादचं वॉरंट, भैंशाचा पत्ता

मंडळी, आपल्या भागात एक समजूत फार जुनी आहे. भोकरहून भैंशाकडे येताना राज्याची पाटी मागे पडली, की तिकडची भानगड तिकडेच राहिली. नांदेडच्या कोर्टात पेशी होती, दोनदा गेलो, मग जाणं झालं नाही, पुढं काय झालं माहीत नाही. आता आपण तेलंगणात, आधार इथलं, रेशनकार्ड इथलं, कोण येतंय शोधायला? हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, कापसाच्या अडतीवर ऐकलंय. हल्ली हैदराबाद-पुण्यात नोकरीला असलेल्या आपल्या पोरांकडूनही ऐकतो. त्यांची पाटी फक्त उलट्या बाजूची असते. कॉलेजात असताना झालेल्या भांडणाची केस भैंशाच्या कोर्टात, आणि साहेब हिंजवडीत.

मी वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. पण गेल्या वर्षी ओळखीतल्या एका काकांबरोबर नांदेडच्या कोर्टात चार चकरा झाल्या आणि तेव्हापासून कलमं वाचायची सवय लागली. काकांचं पुढे सांगतोच. आधी एक मोठ्या माणसाची गोष्ट, कारण ती आपल्या दारातच घडली आहे.

बासरच्या सरस्वतीला जाणाऱ्यांना धर्माबाद नवीन नाही. त्याच तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. खाली श्रीरामसागर, म्हणजे आपलं पोचमपाड. वरती पाणी अडवलं तर खाली काय येणार, या मुद्द्यावर दोन राज्यांत वर्षानुवर्षं भांडण चाललं. जुलै २०१० मध्ये तेव्हाच्या एकत्र आंध्र प्रदेशातले विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपल्या पक्षाचे आमदार-खासदार घेऊन बंधारा बघायला निघाले. १६ जुलैला महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना अडवून ताब्यात घेतलं. धर्माबादच्या आयटीआयच्या इमारतीत सगळ्यांना ठेवलं होतं. २० जुलैला औरंगाबादहून विमानाने त्यांना हैदराबादला पाठवून दिलं. पेपरात मोठमोठे फोटो आले आणि सगळ्यांना वाटलं, संपलं.

पण पोलिसांशी झालेल्या धक्काबुक्कीचा गुन्हा नोंदलेला होता आणि फाइल धर्माबादच्या कोर्टात होती. मधल्या काळात काय काय झालं बघा. २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने बाभळीचा निकाल दिला: बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे ज्या कारणासाठी आंदोलन झालं, ते कारणच मार्गी लागलं. २ जून २०१४ ला आंध्र प्रदेशाचे दोन भाग झाले. नायडू ज्या आंध्रचे मुख्यमंत्री झाले, त्या राज्याची हद्द आता बाभळीच्या जवळपासही नव्हती. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये, आठ वर्षांनी, धर्माबादच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी नायडू आणि आणखी १५ जणांवर अजामीनपात्र वॉरंट काढलं. २१ सप्टेंबरला हजर करा, असा आदेश होता. मुख्यमंत्री असलेल्या माणसावर, तालुक्याच्या कोर्टाचं वॉरंट.

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात कामाचा भाग त्या तारखेचा आहे. १६ जणांपैकी तेलंगणातले तिघे स्वतः धर्माबादला आले, कोर्टापुढे उभे राहिले आणि जामीन घेऊन घरी गेले. नायडूंच्या वतीने वकील आले होते. त्यांचं काम त्या दिवशी झालं नाही, पुढची तारीख मिळाली १५ ऑक्टोबर. त्यानंतरही हे प्रकरण वरच्या कोर्टात चालत राहिलं. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नायडू आणि त्यांच्या एका सहकाऱ्याची गुन्हा रद्द करण्याची मागणी फेटाळली. घटना २०१० ची, आदेश २०२४ चा. राज्य बदललं, सरकारं बदलली, पाण्याचा वाद मिटला, पण धर्माबादच्या कपाटातला कागद होता तिथेच होता.

आपण काही मुख्यमंत्री नाही. तरी कागद तसाच वागतो.

त्याचं कारण साधं आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण वॉरंटाचे मूळ नियम तेच राहिले. कलम ७२ सांगतं की वॉरंट अंमलात येईपर्यंत किंवा ज्या कोर्टाने काढलं ते रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. कलम ७९ सांगतं की ते भारतात कुठेही बजावता येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हे एक्स्पायरी नसलेलं टोकन आहे आणि ते रद्द करायचा अधिकार फक्त ज्या सर्व्हरने दिलं त्यालाच. भैंशाच्या ठाण्यात ओळख असून उपयोग नाही आणि निर्मलच्या वकिलाने इथल्या इथे अर्ज देऊनही उपयोग नाही. आरोपी सापडतच नाही असं दिसलं की महाराष्ट्रातली कोर्टं फाइल ‘डॉर्मंट’मध्ये टाकतात, तेलंगणात तिला ‘एलपीसी’ म्हणतात. लोकांना वाटतं केस बंद झाली. बंद नाही होत, आर्काइव्ह होते. माणूस सापडला की परत वर येते.

आता आपल्या सीमेची खास अडचण. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात एक ओळ आहे: नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं आंध्र प्रदेशात जातील. बाकीची मंडळं नांदेडात राहिली. एकाच तालुक्यातून रेघ गेली. सोयरीक, शेती, उधारी, दुकानदारी मात्र रेघेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलीच राहिली. आजोबांच्या पिढीला नांदेड म्हणजे आपला जिल्हा होता. त्यानंतर आपण आदिलाबादचे झालो, २०१४ मध्ये तेलंगणाचे आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये निर्मल जिल्ह्याचे. माणूस एका घरातून हलला नाही, तरी पत्ता तीनदा बदलला. जुन्या केसच्या कागदावर अजून ‘जि. आदिलाबाद, आंध्र प्रदेश’ लिहिलेलं असतं. समन्स तिकडे जातं, फिरत राहतं, ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’ असा शेरा घेऊन परत येतं. समन्स लागत नाही म्हणून जामीनपात्र वॉरंट निघतं, तेही लागत नाही म्हणून अजामीनपात्र. आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललंय, तो भैंशाच्या बसस्टँडजवळ चहा पीत असतो. त्याला पत्ताच नसतो.

काकांचं अगदी असंच झालं. त्यांचा नांदेडात टेम्पो होता, भाड्याचं घर होतं. गाडीच्या कामासाठी एकाकडून पैसे उचलले आणि तारण म्हणून सही केलेला चेक दिला. धंदा बसला, हप्ते थकले, काका टेम्पो विकून भैंशात भावाकडे आले. तिकडे चेक बँकेत पडला आणि परत आला. चेक न वटण्याचा खटला ज्या शाखेत घेणाऱ्याचं खातं आहे, त्या भागातल्या कोर्टात चालतो. २०१५ च्या दुरुस्तीने हे पक्कं झालं. म्हणजे राहायला तुम्ही भैंशात असा की दुबईत, केस नांदेडातच. समन्स नांदेडच्या जुन्या घरमालकाकडे गेलं. त्याने सांगितलं, सोडून गेले. झालं.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी नांदेडचे दोन पोलीस इथल्या दोन शिपायांना घेऊन दारात उभे राहिले. गल्लीत सगळ्यांनी बघितलं. काकूंनी मला फोन केला तेव्हा त्या अटकेबद्दल बोलतच नव्हत्या, पुढच्या महिन्यात मुलीला बघायला पाहुणे येणार होते त्याबद्दल बोलत होत्या. मला वाटतं आपल्याकडे वॉरंट इतकी वर्षं अंगावर वागवलं जातं ते कायद्याच्या भीतीने कमी आणि या लाजेने जास्त. कोर्टात गेलो तर लोकांना कळेल. न गेल्यावर जास्त लोकांना कळतं, तेही पोलिसांच्या गाडीसकट, हे कोणी लक्षात घेत नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा कलम ८२ आणि ८३ वाचलं, आणि हे आपल्या सीमेवरच्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं असं माझं स्पष्ट मत झालं. दुसऱ्या जिल्ह्याच्या वॉरंटावर अटक झाली, तर तुम्हाला थेट गाडीत घालून न्यायचं नसतं. आधी जिथे अटक झाली तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकापुढे उभं करायचं असतं. अपवाद असा, की वॉरंट काढणारं कोर्ट तीस किलोमीटरच्या आत असेल, किंवा इथल्या न्यायदंडाधिकाऱ्यापेक्षा जवळ असेल, तर थेट तिकडे. म्हणजे बासरचा माणूस आणि धर्माबादचं कोर्ट असेल तर सरळ धर्माबाद. भैंसा आणि नांदेड असेल तर आधी इथे. अटकेची खबर तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याला द्यावी लागते. वॉरंट दाखवा म्हटलं तर दाखवावं लागतं. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेलंच पाहिजे, त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत.

आणि खरी गंमत पुढे आहे. ‘अजामीनपात्र’ हा शब्द वॉरंटाला लागतो, गुन्ह्याला लागेलच असं नाही. चेकचा गुन्हा जामीनपात्र आहे. केवळ तारखेला गेलं नाही म्हणून वॉरंट अजामीनपात्र निघालेलं असतं. कलम ८३ म्हणतं की मूळ गुन्हा जामीनपात्र असेल आणि माणूस जामीन द्यायला तयार असेल, तर इथला न्यायदंडाधिकारी जामीन घेईल आणि मुचलका वॉरंट काढणाऱ्या कोर्टाकडे पाठवेल. गुन्हाच अजामीनपात्र असेल, तरी जिल्ह्याचे मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायाधीश कागद बघून जामिनाचा विचार करू शकतात. हे वकिलालाही कधी कधी आठवण करून द्यावं लागतं. आमच्या पहिल्या वकिलाने ‘एनबीडब्ल्यू आहे, नांदेडलाच जावं लागेल’ म्हणून हात वर केले होते. दुसऱ्याने शनिवारी सकाळी काकांना इथेच जामीन करून घेतला, अमुक तारखेला नांदेडला हजर राहण्याच्या अटीवर.

हे झालं पोलीस आल्यावर. पण मला सांगायचंय ते पोलीस यायच्या आधीचं.

आधी तपासा. ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने केस शोधता येते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही. नाव इंग्रजी स्पेलिंगने शोधायचं असतं आणि इथेच आपली गाडी अडते, कारण कारकुनाने आडनाव कसं लिहिलंय ते त्यालाच ठाऊक. देशमुखचे मी तीन प्रकार बघितले. म्हणून पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, वर्ष बदलत जा, वडिलांच्या नावावरून ओळखा. केस सापडली की तिचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवा, पुढची सगळी कामं त्याने सोपी होतात. टप्प्याच्या रकान्यात ‘समन्स’, ‘अनरेडी’, ‘एनबीडब्ल्यू’ असं काही दिसलं तर समजायचं. फार जुन्या केसेस संगणकावर नसतातही. तिथे ओळखीच्या वकिलाला कोर्टात पाठवून रजिस्टर बघायला लावायचं. पोलीस ठाण्यात जाऊन ‘माझ्यावर वॉरंट आहे का हो’ विचारणं हा उपाय नाही. असेल तर तिथेच बसवून घेतील, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

सापडलं तर त्याच कोर्टात काम करणारा वकील गाठा. हैदराबादचा मोठा वकील नेण्याने तालुक्याच्या कोर्टात काही वेगळं घडत नाही. अर्ज साधा असतो: वॉरंट रद्द करावं, गैरहजेरीचं कारण हे, पत्ता बदलल्याचा पुरावा हा, यापुढे तारखा पाळीन. पत्ता बदलल्याचा पुरावा म्हणजे जुना भाडेकरार, नवीन रेशनकार्ड, मुलांचा शाळेचा दाखला, कंपनीचं बदलीपत्र, जे असेल ते. काकांच्या बाबतीत इथल्या वीजबिलाने काम केलं. त्यावर तारीख होती, आणि समन्स परत गेलं ती तारीख त्यानंतरची होती. आणि अर्जाबरोबर माणूस हवा. सकाळी कोर्ट बसायच्या आधी जाऊन थांबायचं. धर्माबादला २०१८ मध्ये जे तिघे आले त्यांचं काम झालं, हे डोक्यात ठेवा. जो आपल्या पायाने येतो तो पळून जाणारा नाही, हे न्यायाधीशाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बहुतेक वेळा थोडा दंड आणि नवीन मुचलका घेऊन वॉरंट रद्द होतं. गंभीर गुन्हा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वकिलाने आधी सत्र न्यायालयाची वाट बघायला हवी.

कोर्टांवरही बंधन आहेच. इंदर मोहन गोस्वामी खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, आणि अजामीनपात्र वॉरंट शेवटी, विचार करून. तुमच्या केसमध्ये समन्स कधी लागलंच नसेल, तर अर्जात हे ठळक लिहायला लावा.

जामीनदाराचा प्रश्न मात्र आपल्याला हमखास छळतो. नांदेडच्या कोर्टात जामीनदार उभा करायचा तर कारकून विचारतो, सातबारा आहे का? आपल्याकडे असतं तेलंगणाचं पट्टादार पासबुक. बाहेरच्या राज्यातला जामीनदार चालणार नाही, असंही कुणी कुणी सांगतं. तेव्हा मोतीराम खटल्याचं नाव घ्यायचं. १९७८ सालचा निकाल, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून जामीनदार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडलं. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा राज्यातला आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही, हे त्या निकालाने सांगून ठेवलंय. अय्यरसाहेबांनी त्यात भाषेचा मुद्दाही घेतला आहे, एका प्रांताचा माणूस दुसऱ्या प्रांतात पकडला गेला तर त्याने स्थानिक जामीनदार कुठून आणायचा, असा. सीमेवरच्या माणसाने वाचावा असा निकाल आहे. अर्थात व्यवहार सांगायचा तर नांदेड-भोकरला मामा-मावशीपैकी कुणाचं तरी शेत असतंच. त्यांना आधी विश्वासात घ्या. निकाल दाखवून भांडण्यापेक्षा मामाचा सातबारा लवकर काम करतो.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो. आपल्या घरातल्या बायका ‘आम्ही काय गरीब आहोत का’ म्हणून हे घेत नाहीत. घ्या, कायद्याने दिलेलं आहे.

काकांचा चेकचा मामला पुढे लोकअदालतीत तडजोडीने मिटला. रक्कम पंच्याऐंशी हजार, ती दोन टप्प्यांत दिली. चेकचा खटला तडजोडीने मिटवता येतो हे त्यांना दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं, तर टेम्पो विकला त्याच वेळी मिटला असता. समोरच्या माणसाचाही आवाज पहिल्या फोननंतर खाली आला होता. त्यालाही तारखांचा कंटाळा आलेला होता.

न जाण्याचा हिशोब उलट आहे. वॉरंट लागत नाही असं दिसलं की कोर्ट जाहीरनामा काढू शकतं, मालमत्ता जप्तीचा आदेश देऊ शकतं. जाहीरनामा निघूनही हजर झालं नाही तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली स्वतंत्र गुन्हा होतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. म्हणजे मूळ केस किरकोळ आणि न जाण्याची केस मोठी, असंही होतं.

आणि तरुण मंडळींसाठी, पासपोर्ट. निर्मल-निजामाबादकडून गल्फला जाणारे थोडे नाहीत, आणि आपल्यातले कितीतरी अमेरिकेच्या व्हिसाच्या रांगेत आहेत. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार कोर्टाचं समन्स किंवा अटक वॉरंट निघालेलं असेल तर पासपोर्ट नाकारता किंवा जप्त करता येतो. भारतातल्या कोर्टात केस चालू असली तरी त्या कोर्टाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो, आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर साधारण एका वर्षाचा. पण परवानगी मागायला त्याच कोर्टापुढे जावं लागतं ज्याला आपण इतकी वर्षं टाळत होतो. नोकरीचं ऑफर लेटर हातात आल्यावर हे कळणं वाईट. अर्ज करायच्या आधी अर्धा तास ई-कोर्ट्सवर घालवा, आपल्या नावाने आणि गावाच्या कोर्टात.

घरातल्यांसाठी दोन गोष्टी. वडिलांच्या नावाचं वॉरंट असेल तर पोलीस त्याबद्दल मुलाला धरून नेऊ शकत नाहीत. ‘बाप येईपर्यंत तू चल’ हे कायद्यात कुठेही नाही. आणि आरोपी वारले असतील तर फौजदारी खटला त्यांच्याबरोबर संपतो, पण कोर्टाला ते कुणीतरी सांगावं लागतं. मृत्यूचा दाखला वकिलामार्फत दाखल करा, नाहीतर वर्षश्राद्धालाही पोलीस दारात येतील आणि आई दर वेळी रडेल.

दुसऱ्या टोकाला, फोनवरून येणारी वॉरंटं. व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस, मागे अशोकस्तंभ, ‘तुमच्यावर मुंबईत वॉरंट आहे, खोलीबाहेर जाऊ नका, पैसे भरा.’ डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. वॉरंट व्हॉट्सॲपवर पैसे भरून रद्द होत नाही. ज्याला खरं वॉरंट कसं वागतं ते माहीत आहे, तो यात फसत नाही. फोन ठेवा आणि १९३० ला कळवा.

शेवटचं, जे आम्हालाही चौथ्या चकरेत कळलं. कोर्टात वॉरंट रद्द झालं म्हणजे पोलीस ठाण्याच्या रजिस्टरमधून ते त्या दिवशी निघतंच असं नाही. कागद नांदेडच्या ठाण्यात, एक प्रत भैंशाच्या ठाण्यात, दोघांपैकी कुणाला तरी उशिरा कळतं आणि शिपाई पुन्हा दारात येतो. म्हणून वॉरंट रद्द केल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या. तिच्या दोन झेरॉक्स दोन्ही ठाण्यांत देऊन पोच घ्या, एक फोटो फोनमध्ये ठेवा आणि मूळ प्रत घरात रेशनकार्डाबरोबर.

पुढच्या महिन्यात तेलंगणातल्या शेतजमिनीच्या वारसनोंदीबद्दल लिहीन. आत्या आणि मावश्यांनी मुद्दाम वाचावं.